दुपारी तीनची पेंग

२ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद. जुनेच आहेत, पण अजून चालतात.

मी फोन उचलत नाही अशी तक्रार तू ताईकडे केलीस म्हणे. आईकडे मामाची चुगली करायची तुझी लहानपणची सवय काही गेली नाही. अग, उचलतो मी फोन. पण अडतीस वर्षं पंपघरात काढली, कान तिथेच राहिले. तू दहा वाक्यं बोलतेस, त्यातली चार माझ्यापर्यंत पोचतात, आणि ती नेमकी "बरं का" आणि "कळलं ना" एवढीच असतात. म्हणून पत्र. कागदावर तू कितीही भरभर बोललीस तरी मला दोनदा वाचता येतं.

निवृत्तीनंतर या नव्या वाचनालयाची देखभाल माझ्याकडे आली आणि त्याच्या हिरव्या प्रमाणपत्राचं काम तुझ्याकडे. आता मामा आणि भाची एकाच इमारतीला जुंपलेत. काल उघडलं वाचनालय. अध्यक्षांनी भाषणात "हरित" हा शब्द सतरा वेळा उच्चारला. मी मोजला, कारण दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आता एक विचारतो, रागावू नकोस. हात धुतलेलं पाणी संडासाला, सायकली ठेवायला कट्टा, भिंतीच्या रंगाला वास नाही, खिडक्यांच्या काचा दुहेरी. हे सगळं करायचं ते करा. चांगलंच आहे. पण त्यावर प्रमाणपत्र कशाला? मी अडतीस वर्षं गावाला पाणी पाजलं, मला कुणी पितळी पाटी दिली नाही. नळाला पाणी यायचं, हीच पाटी.

तू सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी सात वाजता विजेच्या मीटरचा आकडा वहीत उतरवतो. अक्षर बघून लाजशील असं सुंदर काढतो.

मामा

---

११ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

तुझं पंपघर सगळ्यांना दिसायचं. नळ सोडला आणि पाणी आलं नाही की बायका कळशा घेऊन तुझ्या दारात यायच्या. हवेचं तसं नाही. आतली हवा कोंदट झाली तर कोण कळशी घेऊन जाणार? माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलंय. बांधणारा म्हणतो, हवा खेळती आहे. मालक म्हणतो, वीज कमी लागते. कोण बघायला गेलंय? प्रमाणपत्र म्हणजे एवढंच, की दिलेला शब्द कागदावर येतो आणि वर्षभरात कधीतरी एक परका माणूस येऊन विचारतो, पाळलात का? पितळी पाटी ही अध्यक्षांची हौस. मला तो परका माणूस हवाय.

तर आपल्याला पहिल्या वर्षाचे खरे आकडे द्यायचेत. वीज ठरलेल्या मर्यादेत राहिली तर सगळ्यात वरची श्रेणी. आणि तुला ठाऊक आहे ना, शेजारच्या मोकळ्या जागेत संस्थेला प्रसूतिगृह बांधायचंय? अध्यक्षांनी मला तोंडावर सांगितलं, "वाचनालयाला प्रमाणपत्र मिळालं तर प्रसूतिगृहही तुमच्या पद्धतीने. नाहीतर साधं बांधू, चार भिंती आणि काचा." मामा, मला ते प्रसूतिगृह हवंय. हे माझ्या एकटीच्या नावावरचं पहिलं काम आहे, आणि तरी ते मी नावासाठी करत नाहीये. कशासाठी, ते कधीतरी सांगेन.

एक विनंती. वाचनकक्षाच्या खिडक्या रस्त्याच्या धुळीमुळे कायमच्या बंद आहेत. तिथे गारवा देणारं यंत्र आणि छतावरचा ताज्या हवेचा पंखा यांचं वेळापत्रक लावून ठेवलंय. त्याला हात लावू नकोस. तुझे हात मला माहीत आहेत.

मुंगी

---

२० एप्रिल

मुंगे,

माझे हात तुला माहीत आहेत, हे वाचून ऊर भरून आला. ज्या हातांनी तुला सायकल शिकवली त्यांच्यावर हा विश्वास!

उन्हाळा लागलाय. बाहेर डांबर चपलेला चिकटतं आणि गाव वाचनालयात येऊन बसतं. गारव्यामुळे लोकांना अचानक वाचनाची गोडी लागली आहे. निवृत्त चित्रकला मास्तर सकाळी दहाला येऊन गार झोताखालची खुर्ची धरतात ती वाचनालय बंद होईपर्यंत सोडत नाहीत. परीक्षेची पोरं-पोरी लांब टेबलावर. ग्रंथपाल बाई तर खडूच्या कांडीसारख्या ताठ, पान दुमडलेलं दिसलं की वाचकाला उभं करतात. परवा मलाही उभं केलं.

पण मीटरचं काही खरं नाही. आकडे सोबत जोडलेत. तुझ्या मर्यादेच्या रेघेला टेकलेत, आणि मे अजून यायचाय. मी रोज त्या आकड्याकडे बघतो आणि मला पंपघरातली जुनी रात्रपाळी आठवते, टाकीची पातळी उतरत असायची आणि आपण नुसतं बघत बसायचं. आकडा वाढताना नुसतं बघणं माझ्याच्याने होत नाही.

मामा

---

२८ एप्रिल

मामा,

घाईत लिहितेय, दोन साइट आणि एक आजारी सहकारी यांच्यामध्ये अडकले आहे. आकडे पाहिले. असेच राहिले तर वरची श्रेणी गेली, आणि अध्यक्ष प्रसूतिगृहाच्या साध्या नकाशावर सही करायला पेन उघडून बसलेतच. मी काहीतरी मार्ग काढते, पण इथून मला काय दिसणार? तू तिथे आहेस. बघ जरा. काहीही कर, पण तो आकडा खाली आण.

आईचं बरं आहे. तुझी आठवण काढते, म्हणजे तुझ्या चुका मोजते.

मुंगी

---

१५ जून

मुंगे,

पेढे वाटण्याइतकी बातमी आहे, पण पत्रात पेढे मावत नाहीत. मेचा आकडा रेघेच्या खाली. चांगला वीतभर खाली! जूनचा पंधरवडा त्याहून खाली. सोबत वहीच्या पानांची नक्कल.

काय केलं ते विचारू नकोस. शिकलेल्या माणसांनी लावून ठेवलेल्या गोष्टींत कुठे वाया जातं, ते न शिकलेल्या हातांना बरोबर कळतं. एक साधी गोष्ट होती. माझी मलाच इतके दिवस कशी सुचली नाही, म्हणून स्वतःच्याच टकलावर चापट मारली.

इथली गंमत सांगतो. वाचनाची गोडी उतरणीला लागली आहे. दुपारी तीन वाजले की सगळं वाचनालय पेंगायला लागतं. मास्तर तर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरतात, अग्रलेख वर-खाली होत असतो. परीक्षेची पोरं टेबलावर डोकं टेकतात. मी बाईंना म्हटलं, असली कसली गुंगीची पुस्तकं मागवलीत? बाई हसल्या नाहीत. हल्ली दुपारच्या त्या डोक्याला रुमाल घट्ट बांधून बसतात आणि पान दुमडलं तरी कुणाला उभं करत नाहीत. वय झालं, दुसरं काय. आमच्या ताईचं आठवतंय ना तुला? तीही तशीच रुमाल बांधून कामावरून यायची. बायकांच्या डोक्याला काही ना काही लागतंच.

मामा

---

२ जुलै

मामा,

तुला उचलून नाचवलं असतं, पण तुझं वजन आड येतं. मी ते आकडे ऑफिसात सगळ्यांना दाखवले. आमचे साहेब म्हणाले, तुझ्या मामांना इथे नोकरीला बोलाव. मी विचारत नाही काय केलंस ते. पडदे वेळेवर ओढत असशील, दिवे मालवत असशील, दाराच्या फटीला पट्टी लावली असशील. तुला ओळखत नाही का मी?

पहिल्या सहामाहीचे आकडे पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे पाठवते. ऑक्टोबरात त्यांचा परीक्षक येईल, तोच आपला परका माणूस. तो आला की सगळी यंत्रं चालू असायला हवीत, यादी सोबत आहे.

मास्तरांच्या अग्रलेखावर मी आणि आई खूप हसलो. आई मध्येच हसायची थांबली आणि पत्र परत वाचायला मागितलं. रुमालाचं वाक्य वाचलं असणार.

मुंगी

---

१२ ऑक्टोबर

मुंगे,

आलास का रे परक्या, आणि गेलासही! तुझा परीक्षक काल दिवसभर होता. सडपातळ गडी, चहासुद्धा स्वतःच्या बाटलीतला पितो. त्याने नळ मोजले, दिवे मोजले, कुठल्याशा डब्यात वाचनकक्षातली हवा मोजली. तुझ्या यादीप्रमाणे मी सकाळीच सगळं चालू करून ठेवलं होतं. पंपघरातही तपासणीला साहेब आले की सगळे पंप एकदम सुरू करायचो आम्ही, ती विद्या कामाला आली. जाताना हात मिळवून म्हणाला, उत्तम. अध्यक्षांनी पाटीचं माप घ्यायला सुताराला बोलावलंसुद्धा.

आणि धाक काय चीज असते बघ. काल दिवसभरात एक माणूस पेंगला नाही! तीन वाजले, चार वाजले, मास्तर टक्क जागे, शब्दकोडं पुरं केलं त्यांनी. बाईंनी रुमाल सोडून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, आज किती महिन्यांनी डोकं हलकं आहे. परीक्षक असाच रोज यायला हवा. आज मात्र परत ये रे माझ्या मागल्या, साडेतीनला मास्तर घोरतायत.

मामा

---

१७ ऑक्टोबर

मामा,

एकच विचारते. छतावरचा ताज्या हवेचा पंखा रोज चालू असतो का? हो की नाही, एवढंच लिही. परीक्षक आला त्या दिवसाचं नाही विचारत. रोजचं.

मुंगी

---

२१ ऑक्टोबर

मुंगे,

नाही.

आता एवढंच लिही म्हणालीस, पण मी काही चोर नाही, म्हणून पुढचं ऐक. मेच्या पहिल्या आठवड्यापासून तो बंद आहे. किल्ली माझ्या खिशात. मी छतावर उभा राहून अर्धा तास विचार केला होता. बाहेर भट्टी पेटलेली. हा पंखा ती भट्टीतली हवा ओढतो, आत ढकलतो, आणि खालचं यंत्र बिचारं धापा टाकत ती गार करतं. गार केलेली चांगली हवा दुसऱ्या नळातून बाहेर जाते. म्हणजे एका हाताने बादली भरायची आणि दुसऱ्या हाताने ओतून द्यायची. कुठल्या शहाण्याने हे काढलं? आतली हवा आत आहे, गार आहे, राहू दे की तिथेच. पंखा बंद केला आणि दुसऱ्या दिवशीपासून आकडा घसरला.

तूच लिहिलं होतंस, काहीही कर. पत्र आहे माझ्याजवळ. मी ते तुझ्यासाठी केलं, त्या प्रसूतिगृहासाठी केलं. वीज वाचवणं हाच हिरवेपणा, असं मी समजलो. चुकलं असेल तर सांग, पण तोडून बोलू नकोस.

मामा

---

२५ ऑक्टोबर

मामा,

तोडून बोलत नाही. पण सगळं सांगते, आणि तू बसून वाच.

चाळीस माणसं एका बंद खोलीत श्वास सोडतात. ताजी हवा आली नाही तर तोच श्वास सगळे परत परत घेतात. माणूस मरत नाही. पेंगतो, डोकं ठणकतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. तुझे मास्तर धाकाने जागे राहिले नव्हते, मामा. त्या दिवशी त्यांना हवा मिळाली होती. परीक्षेच्या पोरांनी मेपासून जे वाचलं त्यातलं किती डोक्यात शिरलं असेल, ते मला विचारवत नाही.

आता आईचं. ती त्या मोठ्या ऑफिसच्या तळघरात, रेकॉर्ड खात्यात, एकोणीस वर्षं टंकलेखन करत होती. रोज रुमाल बांधून यायची, येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मी पायांचा आवाज न करता चालायला शिकले ते तेव्हा. डॉक्टर झाले, चष्मे झाले. एकदा आमच्या स्वयंपाकघरात तू बाबांना म्हणालास, "ताईला कामाचा कंटाळा आलाय, बाकी काही नाही, नखरे आहेत." मी बारा वर्षांची होते, ओट्याखाली बसले होते. आई दाराशी होती. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली. नोकरी तिला आवडत होती, मामा. घरी बसल्यावर दोन महिन्यांत डोकं दुखायचं थांबलं, आणि सगळ्यांनी म्हटलं, बघा, कंटाळाच होता.

मी शिकाऊ असताना तेच ऑफिस दुरुस्तीला काढलं आणि आमची तुकडी तिथे गेली. तळघरात ताज्या हवेचा नळ होता. त्याच्या तोंडात गोणपाटाचे बोळे कोंबले होते, वर चिखलाचा गिलावा. तिथल्या जुन्या माणसाने अभिमानाने सांगितलं की, वीज वाचावी म्हणून त्यांनीच ते बसवले होते. चांगला माणूस होता. तुझ्यासारखाच. मी हे काम का करते, ते हे आहे.

दोष तुझ्या एकट्याचा नाही. "काहीही कर" हे मी लिहिलं. आकडा खाली आला तर आनंदाने डोळे मिटून घेतले. हवेचं कायमचं मीटर वाचनकक्षात लावायचं होतं, संस्थेने "पुढे बघू" म्हटलं आणि मी भांडले नाही. तू पेंगेच्या गमती लिहीत होतास, आई हसायची थांबली, आणि मी, जिचं हेच शिक्षण झालंय, मी हसत राहिले.

आज मी प्रमाणपत्र देणाऱ्यांना कळवलं की, आमचे मेपासूनचे आकडे खोटे आहेत आणि तपासणीचा दिवस हा रोजच्यासारखा दिवस नव्हता. ते बाद करावेत, आम्ही एक नोव्हेंबरपासून वर्ष नव्याने मोजू. अध्यक्षांनाही तेच कळवलंय. त्यांचा फोन आला. म्हणाले, पंखा चालू करा आणि गप्प बसा, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला कळलंय. म्हणाले, मग प्रसूतिगृह तुमच्यासाठी थांबणार नाही, तीस तारखेच्या बैठकीत साधा नकाशा मंजूर करतो. मी त्या दिवशी येऊ शकत नाही, दुसऱ्या साइटचा स्लॅब आहे. पण मी हरले असं समजू नकोस.

सोबत हवेचं छोटं मीटर पाठवतेय, सोडलेल्या श्वासातला कार्बन वायू खोलीत किती साठलाय ते दाखवतं. बाहेर ते चारशेच्या आसपास दाखवेल. आत हजाराच्या खाली असावं. तेवढं बघ. आणि पंखा आजच चालू कर.

मुंगी

---

१ नोव्हेंबर

मुंगे,

पत्र वाचलं. दोनदा नाही, किती वेळा ते लिहीत नाही. ते वाक्य मी बोललो होतो. आठवत नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण आठवतं. ओट्यावर काय ठेवलं होतं तेही आठवतं.

पंखा त्याच दिवशी सुरू केला. त्याआधी मीटर वाचनकक्षात दुपारी तीन वाजता ठेवलं. दोन हजार शंभर. पंपाच्या काट्याने एवढी उडी मारली असती तर मी भोंगा वाजवला असता. इथे पाच महिने लोक घोरत होते आणि मी विनोद करत होतो.

मग बैठक. आता ऐक, आणि मला नंतर रागव. बैठकीची खोली तुला माहीत आहे, वरच्या मजल्यावरची, काचबंद. सभासद चौदा. मी ग्रंथपाल बाईंना आधी सगळं खरं सांगितलं. म्हणाल्या, "पाच महिने मी गोळ्या खातेय. माझी आता निवृत्ती जवळ आली, असं मी घरी सांगून बसले होते." मी मान खाली घातली. मग त्यांनाच विचारून मी एक शेवटचा गुन्हा केला. बैठक सुरू होताना त्या खोलीचा छतावरचा पंखा बंद केला आणि मीटर पाण्याच्या तांब्यामागे ठेवलं.

दीड तास चालली. अध्यक्षांनी नऊ जांभया दिल्या, मी मोजल्या, ऐकू येत नसलं तरी जांभई दिसते. खजिनदार डोळे मिटून "मंजूर" म्हणाले तेव्हा विषय अजून मांडलाही नव्हता. प्रसूतिगृह आलं. साधा नकाशा टेबलावर पसरला. मी उठलो. देखभालीच्या माणसाने बैठकीत उठायचं नसतं, पण उठलो.

म्हटलं, "अध्यक्षसाहेब, पंखा मी बंद केला होता. मेमध्येही, आणि आत्ताही."

तांब्यामागचं मीटर काढून त्यांच्यासमोर ठेवलं. एक हजार नऊशे.

"आत आलो तेव्हा सहाशे होतं. तुम्ही चौदा जण दीड तास बसलात तर हे होतं. त्या नकाशात खिडक्या उघडत नाहीत आणि पंखा नाही. तिथे कोण बसणार आहे ते बघा. चार दिवसांची पोरं. ती जांभईसुद्धा नीट देत नाहीत."

अध्यक्ष लाल झाले. म्हणाले, "तुम्हाला कामावरून काढता येतं, ठाऊक आहे ना?"

मी म्हटलं, "काढा. पण मग माझ्या जागी जो येईल त्यालाही वीज वाचवावीशी वाटेल. माझ्यासारखा भला माणूसच हे करतो. म्हणून तर परका माणूस लागतो बघायला."

तेव्हा टिपणं घेत बसलेल्या ग्रंथपाल बाई उठल्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि नकाशावर ठेवला. एवढंच म्हणाल्या, "मी रोज बांधत होते." कुणीतरी उठून दार उघडलं. मी वर जाऊन पंखा लावला. खाली आलो तेव्हा आठ विरुद्ध सहा. नकाशा थांबला. वाचनालयाचं वर्ष नव्याने मोजायचं, तोवर प्रसूतिगृहाची वीट रचायची नाही. मला काढायचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तिथेही मी पंख्याची किल्ली घेऊन हजर राहीन.

आज एक तारीख. सकाळी सात वाजता नव्या वहीत पहिला आकडा लिहिला. एका पानावर दोन रकाने, वीज आणि हवा. वीज मी आता खऱ्या मार्गाने उतरवतो. जाळ्या धुतोय, पश्चिमेच्या काचांना बाहेरून ताडपत्री बांधतोय, यंत्र दुपारी एकदम धापा टाकू नये म्हणून सकाळी लवकर सुरू करतोय. तू काही सुचव, मी काही शोधतो. वर्ष आहे आपल्याकडे.

ताईला मी काय लिहू? चार कागद फाडले.

मामा

---

९ नोव्हेंबर

मामा,

स्लॅबवर उभं राहून पत्र वाचलं आणि एवढी रडले की गवंड्याला वाटलं, साहेब ओरडले.

सकाळी यंत्र आधी सुरू करणं हे आमच्या पुस्तकातही आहे, तू ते न वाचता काढलंस. पंखा रिकाम्या खोलीत थोडा हळू आणि गर्दीत जोरात फिरावा, यासाठी एक उपकरण बसवून घेते. संस्था नाही म्हणाली तर या वेळी भांडते.

आईला कागदावर काही लिहू नकोस. तिला नुसतं ये म्हण, यायचं असेल तर येईल, नाहीतर नाही.

मुंगी

---

१९ नोव्हेंबर, पुढच्या वर्षीचा

मुंगे,

तुझं पाकीट येईलच, पण इथे आधी कळलं. वर्ष पुरं झालं, आकडे खरे ठरले, आणि श्रेणी वरून दुसरी. पहिलीला आपण थोडक्यात मुकलो, अगदी बोटभर. मेमध्ये त्या रेघेने मला रडवलं ग. किल्ली खिशात होती. हात खिशात जायचा, किल्ली लागायची, हात बाहेर यायचा. सांगून ठेवतो, कारण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

अध्यक्षांनी पाटी लावली. दुसरी श्रेणी म्हणून जरा कोपऱ्यात. पण प्रसूतिगृहाचा नवा नकाशा आलाय, आणि पहिल्याच पानावर छतावरचा पंखा आहे, त्याचं वेगळं मीटर आहे आणि खोलीखोलीत हवेचा आकडा भिंतीवर दिसणार आहे, प्रत्येक आईला वाचता येईल इतका मोठा. पाया खणायला सोमवारी माणसं येतायत.

आता खरी बातमी. काल ताई आली होती. मी वर्षभरात तीनदा "ये" म्हटलं होतं, कारण दिलं नव्हतं. काल तिने स्वतःच विचारलं, "तुझं ते वाचनालय बघायचं राहिलंय." मी तिला दुपारी बाराला आणलं, मुद्दाम. लांब टेबलाशी, मधली खुर्ची, सगळी माणसं भोवती. ग्रंथपाल बाईंनी स्वतः उठून तिला पुस्तक दिलं. दोघी एकमेकींकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या, मी ताईचं त्यांना काही सांगितलेलं नाही हं.

मी दारात स्टूल टाकून बसलो. एक वाजला, दोन वाजले. तीन वाजले. ताईने मान वळवली, मला वाटलं आता कपाळाला हात लावेल. तिने पान उलटलं. मास्तर जागे होते. तू भांडून भिंतीवर बसवलेल्या हवेच्या मीटरचा आकडा सातशे ऐंशी. चार वाजता मी उठून तिच्यापाशी गेलो. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"ताई, डोकं दुखत नाही ना?"

तिने वर बघितलं. मला म्हणायचं होतं की तेव्हा तुझं खरंच दुखत होतं, मी चुकीचं बोललो, मला माफ कर. सगळं पाठ करून आलो होतो.

ती म्हणाली, "कळलंय मला. गप्प बस आता, दोन पानं राहिलीत."

मुंगे, त्या स्वयंपाकघरात गप्प बसायचं राहून गेलं होतं. ते काल बसलो, दोन पानं होईपर्यंत.

मामा